वजन करून या, पावणं

जे अजून कोल्हापूरला गेले नाहीत त्यांना आधीच सांगून ठेवतो, रिकाम्या पोटी जा. आणि कोणी ‘या की’ म्हणालं तर पळू नका. पळून उपयोग नसतो. ते हातात वाटी घेऊन मागे येतात.

मी गेलो ते देवीला नाही, कुस्तीला नाही, चपला घ्यायलाही नाही. मी गेलो बेरीज करायला. आमच्या अमळनेरच्या कॉलेजात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी, तोंडी हिशेब आणि नकला. प्रिन्सिपॉल सरांची शिंक मी अशी काढतो की शिपाई उठून उभा राहतो. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांकडे पुण्याच्या संशोधक निमकर बाईंचा निरोप आला, की हिशेब येणारा आणि उन्हात टिकणारा एक मुलगा पाठवा. सरांनी क्षणाचा विलंब लावला नाही. माझा फायदा आणि कॉलेजला शांतता.

गाडीतलं काही सांगत नाही. सगळ्या गाड्यांत सारखंच असतं.

शाहूपुरी

निमकर बाई शाहूपुरीत एका ओळखीच्यांकडे उतरल्या होत्या. मीही तिथेच, माडीवरच्या खोलीत. बाई म्हणजे सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला झोळी. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी चष्मा वर सारायच्या. दुसऱ्या दिवशी मी चष्मा नसताना तसंच करून दाखवलं, तर म्हणाल्या, “बोट जरा डावीकडे हवं.” तेव्हाच कळलं, या बाईंशी आपलं जमणार.

काम त्यांनी पहिल्याच संध्याकाळी समजावलं. उचगावच्या पुढे ओढ्याकाठी चार-पाच गुऱ्हाळं आहेत. तिथला ऊस गुऱ्हाळांना राहू द्यायचा की सगळा कारखान्याकडे वळवायचा, हे सरकारी कचेरीत ठरत होतं. वरच्यांचं मत होतं की गुऱ्हाळात ऊस वाया जातो. कारखान्यात एका टनाला इतकी साखर, तशी गुऱ्हाळाचीही एकूण बेरीज द्या, असं ते बाईंना म्हणाले. एकाच आकड्यात. बेरीज कमी भरली तर पुढच्या हंगामात गुऱ्हाळं बंद.

“कारखान्याचं सोपं असतं,” बाई म्हणाल्या. “एका दारानं ऊस आत, दुसऱ्या दारानं साखर बाहेर. गुऱ्हाळाला दारं किती, तेच कुणाला माहीत नाही.”

मला वाटलं, बाई इमारतीबद्दल बोलतायत.

सकाळी कोपऱ्यावर दूध प्यायला गेलो. गवळी म्हैसच घेऊन येतो आणि धार थेट पेल्यात काढून देतो. आमच्याकडे दूधवाला फेसासकट माप धरतो, आणि फेस बसला की पेला अर्धा. इथे गवळ्यानं पेला हातात दिला, मी तोंडाला लावणार तोच म्हणाला, “थांबा की वो. फेस बसू दे.” फेस बसला, त्यानं वर पुन्हा धार मारली, पुन्हा थांबला, पुन्हा मारली. पेल्यावर दुधाचा डोंगर झाला.

“एवढं?” मी म्हणालो.

“एवढंच म्हना. आंगात काय हाय का तुमच्या?”

बाईंनी पेला एका दमात संपवला आणि पदरानं ओठ टिपले. “ही म्हैस आपल्या हिशेबात नाही,” म्हणाल्या, “म्हणून प्यायले.” याचा अर्थ मला दुपारी कळला.

उचगावच्या पुढे

गुऱ्हाळ दिसायच्या आधी त्याचा वास लागतो. सायकलवरून चाललो होतो, आणि एका वळणावर हवाच गोड झाली. मग इंजिनाचा फुक-फुक आवाज, मग धूर, मग उसाचे डोंगर, आणि त्या सगळ्यावरून ऐकू येणारा दत्तूआण्णांचा आवाज. आण्णा गुऱ्हाळाचे मालक. मिशा मोठ्या, फेटा त्याहून मोठा. ते कानात बोलले तरी ओढ्यापलीकडे ऐकू जावं.

“या की पावणं! लांबनं आलासा न्हवं? बसा. ए, रस आन गं!”

तांब्याभर रस आला. आलं, लिंबू पिळलेला. मी पितोय तोवर केळीच्या पानावर गरम काकवी आली. ती चाटतोय तोवर वाफ्यातला, म्हणजे गूळ निववायच्या पसरट हौदातला, कोमट गूळ आला, शेंगदाण्याबरोबर. आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात, मग विचारतात चहा घेणार का, मग पाहुणा नको म्हणतो, मग सगळे सुटतात. इथे सुटका नाही.

बाईंपुढेही पान आलं. बाईंनी हात जोडले. “मी नाही घेणार.”

“का? उपास हाय?”

“नाही. मोजणाऱ्यानं मोजायच्या वस्तूतलं खायचं नसतं. माझा नियम आहे.”

आण्णांच्या मिशा खाली आल्या. पान उचलताना त्यांनी बाईंकडे असं पाहिलं जसं कुणी लग्नात येऊन न जेवता निघालंय.

पण काय ते काम चालतं, बघत राहावं! चरकातून रस टाकीत येतो, टाकीतून काहिलीत. काहील म्हणजे आमच्या घरातली मधली खोली मावेल एवढी कढई. खाली चुलवाण. त्यात जळण म्हणून काय, तर उसाचीच वाळलेली चिपाडं. बाहेरून लाकूड नाही, कोळसा नाही. ऊस स्वतःच स्वतःला शिजवतो. राख परत शेतात. उसाचं हिरवं शेंड्याचं वाडं म्हशींना. म्हशींचं शेण परत उसाला, आणि उरलेल्याच्या शेणी, म्हणजे आमच्याकडच्या गोवऱ्या. आणि काहिलीशी उभा बाबू गुळव्या. उकळत्या रसाकडे बघतो, भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओततो, मळी वर येते, ती काढतो. मग थेंब पाण्यात टाकतो, बोटांत गोळी करतो, कानाशी नेतो आणि ओरडतो, “उतरा!” चार गडी काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. सोनेरी लाट पसरते. मी टाळ्या वाजवल्या. बाबूनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

मग आमचं काम. ऊस मोजला, रस मोजला, ढेपा मोजल्या. ढेपेला इथे रवा म्हणतात, आणि रवे तोलायला अंगणात एक लोखंडी काटा होता, माणूस उभा राहील असा. इथवर ठीक. पण बेरजेला बसलो आणि माझ्या तोंडी हिशेबाची अब्रू गेली.

“चिपाडं धरायची का?” मी विचारलं.

“ती जळली. जळून गूळ झाला. गूळ धरला की चिपाडं त्यातच आली. दोनदा मोजायचं नाही.”

“वाडं?”

“म्हशीनं खाल्लं.”

“मग दूध धरू?”

“वाडं धरलंस तर दूध नाही. दूध धरलंस तर वाडं नाही.”

“आणि शेण? ते परत उसात जातं. म्हणजे पुढच्या वर्षीचा ऊस या वर्षी धरल्यासारखं. बाई, सुरुवात कुठून करू? म्हशीच्या शेपटीपासून?”

आणि समजा ठरवलं काय काय धरायचं, तरी मिळवायचं कसं? गूळ, काकवी, दूध, शेणी, राख. बाई म्हणाल्या, सगळ्यांतली उष्णता काढायची. जळलं तर किती ऊब देईल, त्या मापात सगळं बसतं. मी आण्णांना हे समजावलं. आण्णांनी फेटा सरळ केला.

“म्हंजे गुळाचा खडा आणि शेणी, एकाच मापात?”

“हो.”

“आणि शेणी जादा भरली तर शेणी मोठी?”

“त्या मापात, हो.”

“मग बाई,” आण्णा गरजले, “उद्यापास्नं चहात शेणी घाला की!”

सगळं गुऱ्हाळ हसलं. चुलवाणाशी बसलेला गडी हसता हसता जाळ विसरला. आणि बाईही हसल्या, चष्मा काढून. “आण्णा, हाच तर त्रास आहे. किलोत मोजलं तर पाणी जिंकतं. उबेत मोजलं तर शेणी जिंकते. पैशात मोजलं तर राख बिचारी शून्य. प्रत्येक मापातून काहीतरी गळतंच. मी कमीत कमी गळणारं शोधतेय.”

पुन्हा तिथेच, अर्धा रवा कमी

पण खरी गळती वेगळीच निघाली. एका आधणाला, म्हणजे काहिलीच्या एका खेपेला, जेवढा रस ओतला तेवढ्यातून गूळ किती यायला हवा हे बाईंना रसाची गोडी मोजायच्या काचेच्या नळीवरून काढता यायचं. वाफ वजा केली, मळी वजा केली, काहिलीला चिकटलेलं खरवडून वजा केलं. तरी दर आधणाला जवळजवळ अर्धा रवा कमी. आज कमी, उद्या कमी.

आण्णा काळजीत पडले. “बाई, त्यो अर्धा रवा वाया गेला म्हनून लिवलासा, तर पुढच्या साली आमच्या चुलवाणात मांजरं झोपतील. बाबूचा बा गुळव्या हुता, आज्जा गुळव्या हुता. त्याला काय सांगू मी?”

“मी नसलेलं लिहिणार नाही आण्णा. पण असलेलं लपवणारही नाही. कुणी रात्री गूळ नेतं का?”

“चोरी? आमच्यात?” आण्णांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. “कोन कशाला चोरंल? मागितलं तर मिळतंयच की.”

  बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“सुधाकर, तू काही बोलत का नाहीस?”

मी मान हलवली.

“तोंडात काय आहे?”

तोंडात गूळ होता. चांगला लिंबाएवढा खडा, वाफ्यातून नुकताच उचललेला. बोलता येत नव्हतं. बाई जवळ आल्या, माझ्या फुगलेल्या गालाकडे डॉक्टरसारखं पाहिलं, मग हळूच वळून फाटकाकडे पाहिलं. फाटक कसलं, दोन दगड. तिथून एक पोस्टमन आत येत होता. रस प्यायला, गूळ खाल्ला, ‘येतो आण्णा’ म्हणाला. मग शाळेतल्या मास्तरीणबाई, डबा घेऊन, काकवीसाठी. मग वाट चुकलेला टेम्पोवाला, त्याला वाट सांगितली आणि रवाळ गुळाचा एक लगदा हातावर दिला. मग उचगावच्या दोन म्हाताऱ्या. त्या रोज येतात म्हणे.

“हे किती दिवस चालतं?” बाईंनी विचारलं.

“गुऱ्हाळ चालतंय तवर,” आण्णा म्हणाले. “त्येला काय झालं?”

बाई मटकन उसावर बसल्या. “ही दारं मी मोजलीच नव्हती.”

इतके दिवस आम्ही तिथे होतो. ही माणसं आमच्या नाकासमोरून येत-जात होती. आम्ही मोजणीत गुंतलेलो, त्यामुळे दिसली नाहीत. आणि सर्वांत जास्त गळती कुणातून झाली हे मी इथे लिहीत नाही. माझी बेलबॉटम त्या आठवड्यात कमरेला बसेना, एवढंच सांगतो.

तोड सोपी होती. बाईंनी ती मांडली. “आण्णा, एकच दिवस. एकच आधण. त्या दोन दगडांना दोरी बांधा आणि कुणाला आत घेऊ नका. आकडा पुरा भरेल. मी तो कचेरीत देईन, तुमचं गुऱ्हाळ राहील.”

आण्णांनी वळून त्या दोन दगडांकडे बघितलं. बाबू गुळव्याही काठी टेकून ऐकत होता. त्याचंच तर पोट यावर होतं.

“बाई,” आण्णा म्हणाले, “दोरी बांधून माणूस थांबंल. वास थांबंल का? रस्त्यानं जानाऱ्याला वास द्यायचा आणि गूळ द्यायचा न्हाय? आसलं काम आपल्याच्यानं हुनार न्हाय. बंद पडलं तर पडू दे.”

“एका दिवसाचा प्रश्न आहे आण्णा.”

“त्या एका दिवशी कोन यील, ठावं हाय का तुमास्नी?”

बाबूनं काठी उचलली आणि काहिलीकडे निघून गेला. जाताना आण्णांच्या खांद्याला हात लावून गेला. मी बडबड्या माणूस, नकला करणारा. पण त्या वेळी मला कुणाचीच नक्कल सुचली नाही.

कळंबा

अमावास्येला गुऱ्हाळ बंद. बाईंना करमेना, म्हणून सायकली काढून कळंब्याच्या तळ्यावर गेलो. पाण्यावर ऊन पडलेलं, म्हशी नाकापर्यंत बुडालेल्या. बांधावर बसून भडंग खाल्लं. भडंग म्हणजे चुरमुरेच, पण लसूण आणि तिखट असं की कान आतून गरम होतात. बाई खात होत्या. हे हिशेबात नव्हतं ना!

“पुरता आकडा द्यायचा तर दोरी हवी,” त्या तळ्याकडे बघत म्हणाल्या. “दोरी बांधली तर ते गुऱ्हाळच राहत नाही. मग मी मोजलं काय?”

मला त्यांचा चेहरा बघवेना. हसवावं म्हणून मी आमच्या रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेचा आवाज काढला. “प्रवासियों से निवेदन है! गूळ मोजता येत नसेल तर खाणाऱ्यालाच मोजावे! आत येताना वजन, बाहेर जाताना वजन!”

बाई हसल्या नाहीत. चष्मा वर सारला.

“हे तू मला हसवायला बोललास?”

“हो.”

“वाईट झालं. कारण मी ते करणार आहे.”

काटा

आण्णांना आधी पटेना. “पावण्याला जोखून खायाला घालायचं? लोक काय म्हनतील?”

“कुणाला अडवायचं नाही, कुणाला कमी द्यायचं नाही,” बाई म्हणाल्या. “फक्त काट्यावर एकदा येताना, एकदा जाताना.”

आण्णा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले, मग एकदम हसले. “बगू तर खरं, कोन किती वडतंय त्ये!”

काटा उचलून दोन दगडांच्या मध्ये ठेवला. मी शेजारी उभा, घोषणा करायला. पोस्टमन आला. “वजन करून या, पावणं!” मी ओरडलो, हुबेहूब आण्णांच्या आवाजात. आण्णांनी आतून ओ दिली, स्वतःलाच. पोस्टमन पिशवी काढून काट्यावर चढला, आत गेला, बाहेर आला, पुन्हा चढला. काटा हलला. टाळ्या.

दुपारपर्यंत बातमी उचगावात. मग काय! ज्यांना गूळ नको होता तेही वजनाला आले. त्या दोन म्हाताऱ्यांत पैज लागली. एक म्हणाली, “हिनं येताना कनवटीला दगड ठेवला हुता, जाताना टाकला.” दुसरी म्हणाली, “तुझ्या पोटात दगड!” तालमीतले चार पैलवान आले, त्यांच्या वस्तादानं दोघांना काट्यावरून उतरताना मुस्काटात दिली, जास्त भरले म्हणून. काकवीचे डबे, कनवटीतले खडे, काखेतली उसाची कांडी, सगळं काट्यावर.

पण तिथेही तोच घोळ. एक माणूस किलोभर रस पिऊन जातो, दुसरा किलोभर गूळ घेऊन. मी बेरीज केली, “दोन किलो.”

“दोन किलो काय?” बाईंनी विचारलं.

मी विचार केला. रस नाही, गूळ नाही. दोन किलो काहीच नाही. तेव्हापासून प्रत्येकाला विचारून वेगवेगळं लिहिलं, आणि रसाचा गूळ किती झाला असता ते बाईंनी काढलं.

संध्याकाळी बाईंनी बेरीज मांडली. बाबू, आण्णा, मी, सगळे वहीवर वाकून. अर्धा रवा सापडला. पूर्ण नाही, पण जवळजवळ. तो वाया गेला नव्हता. उचगावात, शाळेत, तालमीत आणि पोस्टात फिरत होता.

साहेब

कचेरीतले साहेब जीपमधून आले. इस्त्रीची पँट, कपाळावर आठी. मी आदल्या दिवशीच कचेरीत बघून त्यांची चाल शिकून ठेवली होती, पण बाईंनी डोळे वटारले.

“वजन करून या, पावणं,” मी साध्या आवाजात म्हणालो.

साहेबांना वाटलं नियमच असेल. चढले. मग आण्णांनी त्यांना धरलं. रस, काकवी, गूळ, शेंगदाणे. “नको, नको” म्हणत साहेब तिसऱ्या पानावर आले. आठी कुठे गेली कळलंच नाही. बाईंनी सगळं दाखवलं. ऊस किती, गूळ किती, वाडं कुठे, राख कुठे.

“आणि हे ‘पाहुणे’ काय आहे?” साहेबांनी बोट ठेवलं. “हे म्हणजे वायाच ना?”

“त्याआधी परत काट्यावर या,” बाई म्हणाल्या.

साहेब चढले. काटा चांगलाच हलला. साहेबांनी खिशावर हात ठेवला.

“खिशातलंबी धरा,” बाबू म्हणाला. गुऱ्हाळात तो पहिल्यांदाच एवढं बोलला असेल.

साहेबांनी खिशातून कागदाची पुडी काढली. “मुलीला,” म्हणाले. “तिनं असा गरम गूळ कधी बघितला नाही.”

“तेवढं वाया गेलं असं लिहू?” बाईंनी विचारलं.

साहेब पुडीकडे बघत राहिले. “मी तुमच्याकडे एकच आकडा मागितला होता हो.”

“एकच देते. पण त्याच्याखाली दोन ओळी असतील, त्या आकड्यात काय मावलं नाही ते सांगणाऱ्या. त्या खोडून आकडा पुढे पाठवायचा नाही.”

साहेब काट्यावरून उतरले. “या हंगामाला अन् पुढच्या हंगामाला हात लावू नये, असं मी लिहितो,” म्हणाले. “त्यापुढचं माझ्या हातात नाही.” पुडी पुन्हा खिशात गेली.

जीप धुरळ्यात गेली तरी कुणी हललं नाही. मग बाबू चुलवाणाकडे गेला, चार चिपाडं सारली, जाळ उठला, आणि आण्णांनी एवढ्या मोठ्यानं ‘हां!’ केलं की ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळातून कुणीतरी ‘काय वो?’ विचारलं.

शेवटचं आधण उतरलं तेव्हा ऊन कलत होतं. वाफ्यातून वाफ निघत होती. बाईंनी झोळी उतरवली, चष्मा वर सारला आणि न सांगता काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

“सुधाकर, वाच. माझं वजन लिही. मग मी गूळ खाणार आहे.”

मी वाकलो. तेवढ्यात आण्णा पुढे आले. हातात केळीचं पान, त्यावर कोमट गूळ, शेंगदाणे आणि काकवी. पहिल्या दिवशी परत नेलं होतं तसंच पान.

“उतरा खाली,” आण्णा म्हणाले. त्यांना कमी आवाजात बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. “पावण्यास्नी जोखलं, झालं. घरच्या मानसाला कोन जोखून वाडतंय व्हय?”

बाई उतरल्या. उसाच्या मोळीवर बसून खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. मी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या आधणाचा हिशेब जुळत नाही. बाईंनी तो तसाच, न जुळणारा, पुण्याला नेला.